दुकान कोण बघणार?

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणतात. कापड बेतावं तर त्यांनीच! शब्दाचा पक्का माणूस. फिटिंगची तक्रार आली की भरल्या ताटावरून उठून आधी ती शिवण उसवणार. पण स्वतःच्या दुखण्याबद्दल तोंडातून ब्र काढतील तर शपथ.

साखरेच्या आजाराने त्यांचं ते थांबलं. थांबलं तर थांबलं हो, माझं काही अडलं नव्हतं. पण त्यापायी ह्यांनी माझ्या शेजारी बसणंसुद्धा सोडलं. मी झोपेत कूस बदलली तरी हे अंग चोरायचे. त्यानेच मी खचले.

शेवटी मीच हट्टाने दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या वेळेआधी वापरायचा एक पंप दिला आणि बजावलं, "नुसत्या उपचाराने भागणार नाही. समुपदेशक बाईंकडे दोघांनी जोडीने जायचं."

"जोडीने? मग दुकान कोण बघणार?" हे म्हणाले.

आणि आम्ही शहाणे, आळीपाळीने जायला लागलो! एका खेपेला मी, एका खेपेला हे. बाईंनी कपाळाला हात लावला. मला म्हणाल्या, "काही दिवस त्या वाटेला जाऊच नका. नुसता हात हातात घ्या, पाठीवरून हात फिरवा. त्यांनाही सांगा." मी सांगितलं. तोंडात टाचण्या धरून हे "हं" म्हणाले. आणि त्यांच्या खेपेला बाईंकडे न जाताच, नर्सकडून पंप तेवढा शिकून परत आले. दुकानात गर्दी असेल म्हणे!

रविवारी दुकान बंद, दवाखानाही बंद. दुपारी हे पडले होते. मी हळूच पाठीवरून हात फिरवला. किती दिवसांनी! माझे डोळे भरून आले. तर हे ताडकन उठले. "थांब हं, आलोच," म्हणत पंप घेऊन बाथरूममध्ये! अहो, मला तुमची पाठ हवी होती हो!

उपचाराला गुण आला. सगळं जमलं. पण एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. उठता उठता म्हणाले, "झालं ना? आता तुझी काही तक्रार नाही ना?"

माझी तक्रार! मी कधी केली होती?

मग दर रविवारी तेच. घाम पुसत, भिंतीकडे बघत. एक दिवस दुकान बंद ठेवू, जोडीने बाईंकडे जाऊ, म्हणून मी किती विनवलं. "आता बरं झालंय की. बाईंचं काय काम?"

गेल्या रविवारी मी सांगून टाकलं, "पुरे आता. नको मला." वाटलं, का म्हणून विचारतील. चिडतील तरी. चिडले असते तर मी सगळं बोलले असते.

"खरंच?" हे म्हणाले. इतकं सुटल्यासारखं तोंड मी त्यांचं लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. मग स्वतःची उशी उचलली आणि बाहेरच्या खोलीत निघाले. जाताना माझ्या अंगावर पांघरूण घातलं, अगदी मायेने, आणि म्हणाले, "आता तुलाही निवांत झोप लागेल."