अब्बूंची सही

ऑफिसात पाय टाकण्याआधी ती दारात थांबून ओढणी झटकायची. तिचे वडील बार्शीटाकळीला गाद्या-रजया भरून द्यायचे. घर आणि दुकान एकच, त्यामुळे कापसाचे तंतू तिच्या अंगावर बसून आमच्या अकोल्याच्या ऑफिसापर्यंत एसटीने फुकट यायचे. कितीही झटकले तरी चार-दोन उरायचेच आणि पंख्याखाली टेबलांवरून फिरायचे. आमचे हिशेबनीस वैतागले की ती म्हणायची, "दादा, तुमाले घरबसल्या कापूस भेटून राहिला, अन् वरून तुमीच चिडून राहिले!"

तिचं नाव मी लिहीत नाही, तिला ते आवडायचं नाही. गावोगावच्या बाया तिला बाजी म्हणत. बाजी म्हणजे मोठी बहीण. ही पोरगी तेवीस-चोवीसची, पण सत्तरीची म्हातारीसुद्धा तिला 'आली का वं बाजी' असं विचारी. मला ती ताई म्हणे, कारण ऑफिसात सगळ्यात जुनी मीच होते आणि त्या मानाचा मला तसा कंटाळाच होता.

आमचं काम कसलं होतं, ते सांगायला हवं. त्या वर्षांत वऱ्हाडात सकाळचं वर्तमानपत्र उघडायची भीती वाटे. ज्या घरातला पुरुष स्वतःच्या हाताने गेला, त्या घरातल्या बाईला उभं करायचं हे आमचं काम. उभं करायचं म्हणजे प्रत्यक्षात कागद करायचे. वारसाचा दाखला, मदतीचा अर्ज, तहसीलचे हेलपाटे. बाजी यात पटाईत होती. तहसीलदाराच्या खोलीबाहेर ती अशी शांत बसून राही की शेवटी त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं.

बायांच्या बैठकीत ती एकच गोष्ट शिकवायची. कोणत्याही कागदावर अंगठा द्यायच्या आधी समोरच्याला विचारायचं, "समजा, उद्या मी नाई राहिली, त मंग?" म्हणजे हे ओझं कोणाच्या डोक्यावर जाईल, ते आधी कळू द्यायचं. नवरे हे न विचारता गेले होते आणि मागे नोटिसा आल्या होत्या. म्हणून तिला हा प्रश्न फार मोलाचा वाटे.

पुढे पुढे तिला त्याची सवयच लागली. शिपायाने हप्त्यावर मोटरसायकल घेतली, पेढे वाटले. बाजीने पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "समजा, उद्या तुमी नाई राहिले, त मंग?" बिचाऱ्याचा हात पेढ्याच्या डब्यातच राहिला. विमावाला ऑफिसात आला की तिला टाळून मागच्या दाराने जायचा, कारण त्याने कितीही गोड शब्दांत सांगितलं तरी ती मरणाचा मुद्दा सरळ नाव घेऊन काढायची. आम्ही हसायचो. रोज ज्या घरांत ती बसायची तिथे मरणाची चर्चा पीकपाण्याच्या चर्चेसारखी चालायची, आणि तिच्या जिभेला त्या शब्दाचं काही वाटेनासं झालं होतं. त्यात इतकं हसण्यासारखं नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

एक गोष्ट मात्र तिला जमत नव्हती आणि ती तिला डाचायची. बार्शीटाकळीजवळच्या एका खेड्यात एक मुलगी होती, नववीतली. बाप गेल्यापासून बोलणंच बंद. बाजी दर आठवड्याला तिच्याकडे जायची.

"काय करतेस गं तिथे जाऊन?" मी एकदा विचारलं.

"काई नाई, ताई. नुसती बसते. तिच्याशी काय बोलावं तेच मले समजत नाई. कागद करता येते मले. माणूस नाई करता येत."

म्हणूनच तिला पुढे शिकायचं होतं. समाजकार्याची पदवी तिने घेतली होती, आता एम.एस.डब्ल्यू. करायचं होतं. तिने दोन ठिकाणी अर्ज केले. एक मुंबईची मोठी संस्था, जिथे मनाच्या आजारांवर आणि दुःखात बुडालेल्या माणसांसोबत काम करायचं वेगळं शिक्षण मिळे. दुसरं अमरावतीचं कॉलेज, जिथे सगळं थोडं थोडं शिकवत आणि ती शाखा नव्हती. मुंबईच्या मुलाखतीत तिला विचारलं, हेच का शिकायचंय? तिने त्या न बोलणाऱ्या मुलीची गोष्ट सांगितली, तीही अशीच, आपल्या भाषेत. तिला घेतलं. अमरावतीतही नाव लागलं.

झालं, ऑफिसात आठवडाभर दुसरा विषय नाही. मुंबई म्हणजे फी, वसतिगृह, खानावळ, सगळं मिळून शैक्षणिक कर्ज काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. अमरावतीला तिची फुफी, म्हणजे आत्या, राहायची, फी किरकोळ, पोळी-भाजी घरची, कर्जाचा प्रश्नच नाही. आमचे सर स्वतः मुंबईचे शिकलेले. ते म्हणाले, "डोळे मिटून जा. दोन वर्षांत फेडशील." हिशेबनीस म्हणाले, "डिग्रीवर गावाचं नाव कोण वाचतं? अमरावती." मी सरांच्या बाजूची होते. मी तिला सांगितलं, "तुला जे शिकायचंय ते तिथेच मिळणार आहे. बाकीचं बघता येईल." माझ्या मते यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

ती ऐकून घ्यायची. डबा खाता खाता कधी म्हणायची, "तिथं शिकली असती त त्या पोट्टीजवळ बसून काय करावं ते तरी समजलं असतं." कधी म्हणायची, "पण कर्ज म्हणजे कर्ज, ताई." शेवटी तिने मनाचा हिय्या केला आणि बँकेत जायचं ठरलं. सोबतीला म्हणून मलाही नेलं.

वडील बार्शीटाकळीहून आले होते. स्वच्छ कुर्ता, टोपी, अत्तराचा वास. बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. सहकर्जदार म्हणून त्यांची सही लागणार होती. व्याजाचं कर्ज त्यांच्या धर्मात बसत नाही हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्याकडे सारखी चोरून पाहत होते. पण ते खिशाला पेन लावून आले होते.

बँकेतला अधिकारी तरुण होता, भला होता. तिला मुंबईत प्रवेश मिळाला याचं त्यालाच कौतुक. त्याने सगळं नीट समजावलं. शिक्षण झाल्यावर हप्ते सुरू होतील, घाबरायचं कारण नाही. कागद वडिलांपुढे सरकवले. वडिलांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "साहेब, एक विचारू? समजा, उद्या मी नाई राहिली, त मंग?"

त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर तो ओशाळला आणि त्याने वडिलांकडे हात केला. "मग सहकर्जदार. यांच्याकडून वसुली होते."

"म्हणजे मी गेली की अब्बूच्या घरी नोटीस?"

"तसा नियम आहे."

वडिलांनी पेनाला टोपण लावलं. "अल्लाह ना करे," एवढंच पुटपुटले, उठले आणि चालत बँकेच्या बाहेर गेले. अधिकारी मागून सांगत होता की, कर्जाला विमा जोडता येतो, तसं काही झालंच तर विम्यातून फिटतं, वडिलांवर येत नाही. मी ते ऐकलं. तिने ऐकलं नाही. ती काचेच्या दारातून बाहेर बघत होती. वडील रस्त्यापलीकडे रसवंतीजवळ पाठमोरे उभे होते.

"पाहलं ना, ताई?" ती म्हणाली. "अब्बू भेले."

मलाही तसंच वाटलं. हातावर पोट असलेला माणूस, आयुष्यात कधी बँकेची पायरी चढलेला नाही, घाबरणारच. मी तिला विम्याचं सांगितलं, दोनदा सांगितलं. तिने मान हलवली आणि कागद पिशवीत भरले. बाहेर वडिलांनी आम्हा दोघींना उसाचा रस पाजला. तिघंही बँक सोडून बाकी सगळ्यावर बोललो. मला आठवतं, रसात आलं जास्त झालं होतं यावरसुद्धा बोललो.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "अमरावती." सर चिडले, समजावलं, पुन्हा चिडले. ती हसत राहिली. "सर, नोटिशीवाल्या ज्या घरात मी रोज जाते, तसं अब्बूचं घर मी नाई होऊ देऊ शकत."

अमरावतीला ती पहिली आली, त्यात नवल नव्हतं. पण सुट्टीत ऑफिसात आली की तिचा चेहरा उतरलेला असे. वर्गात टिपणं उतरवून घ्यायची. प्रत्यक्ष कामासाठी एका कार्यालयात पाठवलं होतं, तिथे ती अर्ज लावून ठेवायची. "ते त मले आधीच येत होतं, ताई." मुंबईच्या मुलाखतीत भेटलेली एक मैत्रीण तिथे शिकत होती, ती आपल्या वाचनाचे झेरॉक्स पाठवायची. सगळं इंग्रजी. बाजी डिक्शनरी घेऊन बसायची आणि अडलं की मला विचारायची. मला कुठलं येतंय! विहिरीच्या काठावर बसून पोहणं वाचावं तसा तो प्रकार होता. तरी तिने ते कागद दोन वर्षं जपले.

त्या दोन वर्षांत तिला त्या खेड्यात जाणं जमलं नाही. ती मुलगी आईबरोबर मामाकडे निघून गेली, एवढंच कळलं. बोलायला लागली की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं. हे ऐकलं तेव्हा बाजी चहा करायला उठली.

पुढे आमच्या प्रकल्पाचा पैसा आटला आणि ऑफिस बंद झालं. अकोल्यातल्या एका दवाखान्यात समुपदेशकाची जागा निघाली, नेमकं तिच्या मनातलं काम. तिने अर्ज केला. त्यांना मनाच्या आजारांचं खास शिक्षण घेतलेलं माणूस हवं होतं. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तिला फार सन्मानाने परत पाठवलं, असं तिनेच मला सांगितलं. त्या बाईंना तिच्याशी बोलताना वाईट वाटून राहिलं होतं, म्हणे.

शेवटी नोकरी लागली ती चांदूर बाजारला, बायांच्या गटांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीत. सकाळी स्कूटीवर निघायचं, गावोगावी सतरंजीवर बसायचं, हप्ते गोळा करायचे. मला फोनवर सांगताना खूप हसली. "आता मीच कर्ज वाटून राहिली, ताई! सांगा बरं, काय म्हणावं याले?" पगार वेळेवर होता, घरी पैसे जात होते, ती काम प्रामाणिकपणे करत असणार यात मला शंका नव्हती. पण माणसाजवळ नुसतं बसून राहायची जी ताकद तिच्यात होती, ती हप्त्याच्या वेळापत्रकात कुठे बसणार? मला फार हळहळ वाटली. अजून वाटते.

मध्यंतरी घरात पाहुण्यांसाठी गादी भरून घ्यायची होती. अकोल्यात दुकानं काय कमी आहेत? पण मी मुद्दाम बार्शीटाकळीला गेले. वडिलांनी ओळखलं, खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. गादीचं मोजमाप झालं. मग ते म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी ब्यांकेतून मी उठलो. तुमाले काय वाटलं?"

"कर्जाला घाबरलात असं वाटलं," मी खरं ते सांगितलं.

"तिलेबी तेच वाटलं." ते हातातल्या कापसातली सरकी वेचत राहिले. "कर्जाले कायले भेऊ जी? मौलवीसाहेबाले पुसून आलो होतो. ते म्हणे, तालीमसाठी, शिकण्यासाठी हाय, दुसरा रस्ता नाई, जा. सही कराले आलो होतो मी. पण पोट्टी माह्या समोर म्हणते, समजा मी नाई राहिली. अन् तो साहेब माह्याकडे हात करते. मले तिथं बसवलंच नाई."

"मग तिला हे सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? ते सांगाले तिच्या मरणाची गोष्ट माह्या तोंडातून काढा लागते. तिची रोजची होती ते गोष्ट. बापाच्या तोंडातून निघते का?" त्यांचा आवाज बारीक झाला. "अन् खरं सांगू, मॅडम? ती गेली असती, त मले नोटिशीचं भेव राह्यलं असतं का? घर नेलं असतं, दुकान नेलं असतं, मले समजलं तरी असतं का?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझ्याकडे न बघता दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगितला आणि म्हणाले, "आता तिले नका सांगू. आता सांगून तिले तरासच होईन."

संध्याकाळी घरी पोचले तर तिचाच फोन. मी दुकानात गेले होते हे तिला कळलं होतं. मागे बायांचा गलका ऐकू येत होता, कुठल्या तरी गटाची बैठक उठत असावी.

"अब्बू कसे दिसले, ताई?"

"छान आहेत."

"काही बोलले का?"

"गादीचं बोललो," मी म्हणाले.

"मस्त भरून देतीन पाहा," ती म्हणाली, "बोलत नाईत ते जास्त." तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली आणि तिने फोन ठेवला.