बाबांनी दिलेली शिक्षा

अकरावीत मी शाळा सोडली. सोडली असं घरी सांगितलं मात्र नाही. सकाळी डबा घेऊन निघायचो आणि देवीच्या टेकरीच्या पायथ्याशी वेळ काढायचो. बाबा देवासच्या एका कारखान्यात फिटर. नोकरीसाठी जळगावकडून इकडे मध्य प्रदेशात आलेले, आणि मुलाला इंजिनीअर करायचंच हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं. शेजाऱ्यांकडून त्यांना कळलं तेव्हा त्यांनी हात उगारला नाही. बोलणंच टाकलं. "त्याला म्हणावं, जेवून घे," असं ते आईला सांगायचे, मी समोर बसलेला असताना. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी आईने ओळखीपाळखीने मला एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात शिकाऊ म्हणून चिकटवलं. मालक पहिल्या दिवशी म्हणाला, "भिया, पेले झाड़ना सीख, फिर जोड़ना." मग मी ब्लोअरने धूळ उडवली, रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासल्या, चहा आणला. हात काळे करून शिकलो असं आज ऐटीत म्हणता येतं. तेव्हा शाळेतला कुणी सोबती दुकानात आला, की मी टेबलाखाली शिरून वायर शोधायचं नाटक करायचो. तो जाईपर्यंत वायर काही सापडायची नाही.

पुढे विंडोज टाकणं, नेटवर्कच्या वायरी ओढणं जमायला लागलं. मालक मला धार शहरातल्या कामांवर एकट्याला पाठवू लागला, आणि तिथल्याच एका कंपनीत मला पक्की नोकरी लागली. बाबा तोवर "आलास?" आणि "जेवलास?" इथपर्यंत आले होते.

त्या वर्षी गणपतीत कारखान्याच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाने माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ आणि माझे दोन शब्द. बाबांचे आभार मानायची ही चांगली संधी होती. तोंडावर मानायची माझी छाती नव्हती. माईकवरून जमेल असं वाटलं. अडचण होती भाषेची. शाळा हिंदी, घरातली मराठी भाजी-भाकरीपुरती, आणि मंडळात सगळे शुद्ध बोलायच्या हट्टाला पेटलेले. म्हणून एक भारदस्त वाक्य घोकून ठेवलं. पहिल्या रांगेत बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. त्यांच्याकडे बघत मी म्हणालो, "आज मी जो काही आहे, तो बाबांनी दिलेल्या शिक्षेमुळे."

मंडपात हशा पिकला. टाळ्याही पडल्या. मला वाटलं, मैदान मारलं. म्हणून तेच वाक्य पुन्हा म्हणालो, जरा जोरात.

खाली उतरलो तर शेजारच्या काकूंनी दंड धरून बाजूला ओढलं. "अरे बावळटा, मराठीत शिक्षा म्हणजे सजा! हिंदीतली शिक्षा नव्हे. शिक्षण म्हणायचं ना!"

माझे कान तापले. ज्या माणसाने मला कधी चापट मारली नाही, त्याला मी भर मंडपात, सगळ्या कारखान्यासमोर, मारकुटा ठरवलं होतं. तेही दोनदा. आभार मानायला गेलो आणि त्यांचं हसं करून आलो. एवढी लाज मला शाळा सोडल्याचीही वाटली नव्हती.

बाबा चपला घालून घराकडे निघाले होते. मी धावत त्यांना गाठलं.

"बाबा, मला पढ़ाई म्हणायचं होतं. गलतीने शिक्षा निघालं."

"कळलं रे मला," ते चालता चालता म्हणाले. कितीतरी वर्षांत ते माझ्याशी एवढं बोलले नव्हते. "पण पढ़ाई मी कुठे दिली तुला? ती तुझी तूच केलीस. मी दिली ती शिक्षाच."

माझ्या अंगावर शाल होती, हातात नारळ. "तसं नाही बाबा," एवढंच म्हणायचं होतं. तेवढी मराठी मला येत होती.