तो स्फोट नव्हता

श्रावण गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहर पानाची प्रुफं वाचत होतो. पारशिवनीच्या शाळेत, फळ्यासमोरच कोसळला, असं त्याच्या पत्नीने, कमलवहिनींनी सांगितलं. हातातलं प्रूफ संपवून मी निघालो. त्याला आता महिना झाला...

आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात तो नागपूरच्या एका महाविद्यालयात भौतिकीत संशोधन करत होता. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू वायूतून भरधाव सोडला तर काय होतं, हा त्याच्या प्रबंधाचा प्रश्न. असा रेणू आतूनच फाटायला आलेला असतो. त्यातले दोन धन भार एकमेकांना ढकलत असतात. वाटेत वायूच्या रेणूवर आदळला, की हा त्या वायूच्या रेणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतो. सीताबर्डीत चहा पिताना मी याला ‘देवाणघेवाण’ म्हणालो. “देवाण कुठची गा? हिसकावते तो,” श्रावण म्हणाला. “तुम्ही पेपरवाले मारामारीलेही चर्चा म्हणता.”

हिसकावल्यावर रेणूचा भार निम्मा होतो, वेग तोच राहतो. म्हणून त्याला वळवायला नळीतल्या धातूच्या पट्ट्यांवर दुप्पट विद्युतदाब लागतो. तेवढ्या दाबाला बाकीचे सगळे रेणू नळीच्या भिंतीवर आपटतात. श्रावणने दाब दुप्पट केला. सरकत्या कागदावर यंत्राच्या पेनाने एक उंच टोक काढलं, म्हणजे इलेक्ट्रॉन हिसकावलेले रेणू पलीकडे पोहोचले होते. थोड्या वेळाने पट्ट्यांमध्ये ठिणगी उडाली आणि काचेची निर्वात नळी तडकली. बाहेरच्या हवेने ती आत चिरडली, तुकडे पलीकडून बाहेर आले. एक त्याच्या डाव्या डोळ्यात शिरला, दुसरा गाल चिरत गेला. मी रुग्णालयात पोहोचलो तेव्हा त्याचा शर्ट रक्ताने कडक झाला होता. “कागद फेकला त नाही ना कोणी?” त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी माझी चौकटीतली बातमी छापून आली : ‘प्रयोगशाळेत स्फोट’.

“स्फोट काहून लिहिलं गा? नळी आत दबून फुटली ना.”

“वाचकाला काय फरक पडतो?” मी म्हणालो.

फरक पडला. महाविद्यालयाच्या चौकशी समितीने ते कात्रण फाईलला लावलं आणि प्रयोगशाळेला कुलूप घातलं. कागदावरचं टोक स्फोटाच्या हादऱ्याने आलं, असं मार्गदर्शकांनी लिहून दिलं. कागद कोणी मागितला नाही. प्रयोग पुन्हा करायची सोय उरली नाही. प्रबंध तिथेच संपला. मी दुरुस्ती लिहिली, संपादकांनी ‘शिळी झाली’ म्हणून परत केली. मी पुन्हा दिली नाही. श्रावण पारशिवनीला शिक्षक झाला. भेटला की म्हणायचा, “काय गा, स्फोटवाले...” आणि हसायचा. हसताना गालावरचा वण आत ओढला जाई.

गेल्या रविवारी वहिनींनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. “तुमालेच द्या म्हणत होते,” एवढंच म्हणाल्या. मी तो टेबलावर पसरला. टोक वर चढतं, खाली येतं. मग रेघ सरळ चालते. मी बोटं ठेवून मोजलं, चार बोटं. तिथे पेन आडवं फरफटलं आहे, आणि त्यानंतर रक्त. हादरा टोकाच्या नंतरचा आहे. हे कळायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

त्याच संध्याकाळी शिपायाने आणून दिलेला हा कागद रुग्णालयात श्रावणच्या उशाखाली होता. मी शेजारी बसून बातमीसाठी त्याचं वय विचारत होतो.