थंड्या बावेतला मूठभर गाळ

आमच्या घरात कुणी पाण्यात उडी मारली, नीट पोहला आणि नीट वर आला, तर त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. त्यात सांगायचं काय? जीव घशाशी आला पाहिजे, बायकांनी बोंब मारली पाहिजे, मग घरी पोचेपर्यंत किस्सा तयार! दर चैत्रात एखादा तरी घडायचाच. असे साठत साठत इतके झालेत की लग्नाकार्यात आम्ही भावंडं जमलो की जेवणं राहतात बाजूला आणि थंडी बाव सुरू होते.

माझ्या नातवंडांना आता पोहायला शिकवायला कोच असतो. टाकीतलं पाणी गरम करतात म्हणे! गरम पाण्यात उतरणं म्हणजे आंघोळच की ती. त्याचं कौतुक मला सांगू नका.

आमच्या लहानपणी निजामाचं राज्य. भालकीजवळ आमचं गाव, आणि पाडवा झाला की सगळं घर बैलगाड्या जुंपून आमराईतल्या थंड्या बावेवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीवर, जायचं. धपाटे, शेंगाची चटणी, गाडग्यात दही, कैऱ्या तिथंच पाडायच्या. वर चैताचं ऊन, आणि खाली तांबड्या दगडात खोल उतरलेल्या त्या बावेत असं गार पाणी, की पाय घातला की तोंडात शिवी यायची. बायकांच्या सुद्धा!

बावेला लागूनच बायकांचं कुंड होतं, मधे उंच भिंत. भिंतीच्या बुडाशी, पाण्याखाली, एक कमान होती आणि तिच्यातून बावेचं पाणी कुंडात यायचं. कुंडाच्या तळाला स्वच्छ फरशी. गाळ होता तो फक्त बावेच्या तळाशी, काळाकुट्ट आणि चिकट. हे एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे मला मधे मधे थांबून सांगावं लागणार नाही.

आमचे वडील, अप्पा, यांचे तिथं दोन कायदे. पहिला सगळ्यांना : डोकं भिजल्याबिगर भाकरी न्हाई. दुसरा नव्या जावयाला : काठावरून उडी मारायची, तळ गाठायचा, मूठभर गाळ आणून सासऱ्याच्या हातावर ठेवायचा. पूर्वी ही चेष्टेची रीत होती. अप्पांनी ती खरी धरली, कारण आमची सुंदराआत्या. तिचा नवरा मांजरा नदी ओलांडताना बुडून गेला. पाणी फार नव्हतं, पण त्याला पोहता येत नव्हतं. लग्न ठरवताना ते कुणी विचारलंच नव्हतं, याचं अप्पांना फार लागून राहिलं होतं.

* * *

पहिला मान बापूकाकांचा, म्हणजे अप्पांच्या धाकट्या भावाचा.

आमच्याकडं नवशिक्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात, म्हणजे तो बुडत नाही. त्या वर्षी काकांच्या सासरची मंडळी आली होती. काका म्हणाले, "पाठीवर भोपळा घेऊन मी काय उंट दिसू?" आणि कुणाचं न ऐकता भोपळा बांधला कमरेला, मागच्या बाजूनं. वरून अंगरखा सोडला आणि ऐटीत मारली उडी.

झालं! कंबर वर, डोकं खाली! पाण्यावर नुसता भोपळा आणि दोन तंगड्या. आधी सगळे हसले. मग तंगड्या हलायच्या थांबल्या, तसं कुणी हसेना. अप्पांनी खाली उडी घेऊन हिसका मारून दोरी तोडली आणि काकांना पायरीला लावलं. त्या झटापटीत काकांचं धोतर सुटलं, आणि पाण्याबरोबर कमानीतून गेलं पलीकडं!

पलीकडं काकूनं ते ओळखलं आणि तिनं जो हंबरडा फोडला! "धोतर आलं गं बाई, मालक कुठायत माझे?"

भिंतीअलीकडनं काका दात वाजवत ओरडले, "मी हाय, मी हाय! आधी धोतर टाक!"

"न्हाई! आधी डोळ्यांनी बघू द्या!"

"अगं, धोतराबिगर कसा दिसू?"

त्यानंतर काकांच्या सासरची माणसं बावेवर पुन्हा आली नाहीत.

* * *

अमीनसाहेब म्हणजे आमच्या भागातले पोलीस फौजदार; त्यांचा किस्सा निजामाच्या शेवटच्या वर्षांतला. तेव्हा दिवस वाईट होते. चार माणसं एका झाडाखाली दिसली तरी पोलीस विचारायचे. आई म्हणत होती, यंदा नको. अप्पा म्हणाले, "आंघोळीला पण भ्यायचं का आता?"

आमची पोहणी झाली, डोकी पुसली, पानं मांडली आणि तेवढ्यात घोड्यावरून अमीनसाहेब! मागं दोन जवान.  बापूकाकांच्या हातातला घास तसाच.

"क्या चल रा यहाँ? जलसा?"

"न्हाई साहेब, नहाने आए," अप्पा उठून म्हणाले.

"इत्ते लोगां? एकीच बावली में?" साहेबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "और सब सूखे? नहा के बताओ!"

काय करता? पुसलेली, कोरडी, भुकेली माणसं पुन्हा एकामागून एक त्या बर्फात! काका तर उडी मारताना रडत होते. साहेब काठावर उभे राहून प्रत्येकाचं डोकं भिजलं का बघत होते. शेवटी त्यांची खात्री पटली, आणि खात्री पटल्यावर त्यांना धपाट्यांचा वास आला. अप्पांनी बसा म्हटलं. साहेब बसायला वाकले, तोच भिंतीपलीकडून आत्याचा आवाज : "डोकं भिजल्याबिगर भाकरी न्हाई!"

अप्पांनी डोळेच मिटले. आईनं मला ओढून पदराखाली घेतलं. साहेबांनी एका जवानाकडं बघितलं, "क्या बोली वो?" त्यानं भीत भीत सांगितलं. साहेबांनी धपाट्यांकडं बघितलं. मग डोक्यावरची लाल टोपी काढून त्यांनी ती अप्पांच्याच हातात दिली, पायऱ्या उतरले आणि तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं. "या अल्ला!" अशी आरोळी आली की वर बांधलेला घोडा दावं तोडून पळाला.

घोडा सापडेपर्यंत साहेब आमच्यातच जेवले. चटणी बांधून पण नेली.

* * *

आत्याचं सांगितलं, तर तिचा मासा सांगायलाच पाहिजे.

पोरींनी कुंडाबाहेर जायचं नाही, असं अप्पांचं म्हणणं. नवरा गेल्यावर स्वतः पोहायला शिकलेली आत्या त्यांना "व्हय अप्पा" म्हणायची आणि भिंतीआड आमच्या गोदाक्काला पोहायला शिकवायची. गोदाक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आत्या म्हणायची, "माझ्या मालकाला पवता आलं असतं तर एक. मला आलं असतं तर मी वढून काढलं असतं त्यांना. काठावर बसून बघत होते मी!" हे ती हसत हसत सांगायची. आम्हाला मात्र हसता यायचं नाही.

एकदा तिनं तांब्या कमानीतून पलीकडं बावेत ढकलला आणि म्हणाली, "जा, घेऊन ये." अक्कानं दम धरला आणि गेली कमानीतून. पाणी शांत झालं. ती येईना. मी आत्याचा हात धरला, तर तिनं तो सोडवून पाण्यात पाय घातला. आणि पलीकडून अप्पांचा आवाज आला, "कोण हाय रे तिकडं पाण्यात?"

आत्या ओरडली, "मासा हाय, अप्पा!"

"एवढा मोठा?"

"चैताचा मासा मोठाच असतोय!"

अक्का तांब्या घेऊन वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. आत्यानं तिला आधी एक धपाटा घातला आणि मग छातीशी धरलं.  माशाचं अप्पांना पटलं का नाही, आम्हाला कधी कळलं नाही.

* * *

आता शेवटचा. हा सांगितल्याशिवाय आमच्यात कुणी उठत नाही.

अक्काला बघायला माणिकराव आले. हुमनाबादच्या अंगाच्या माळावरचं गाव त्यांचं. घर चांगलं, माणूस शांत. अप्पांनी शिक्षण विचारलं नाही, शेत विचारलं नाही. एकच विचारलं, "पवायला येतंय का?"

माणिकराव म्हणाले, "येतंय की!"

"मग सुपारी बावेवरच फोडू. गाळ आणा हातावर, पोरगी तुमची. न्हाई आला तर राम राम. बहिणीचं कपाळ बघितलंय मी, पोरीचं बघणार न्हाई." अप्पांचा शब्द म्हणजे संपलं. आई दोन दिवस जेवली नाही नीट, कारण अक्काला मुलगा आवडला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त म्हणत कुणी नव्हतं.

बावेवर जायच्या दिवशी मी, आमचे थोरले भाऊ अण्णा आणि माणिकराव एका गाडीत. निम्म्या वाटेत माणिकराव हळूच म्हणाले, "अण्णा, एक सांगू? आमच्या गावात आडातलं पाणी दिसायला वाकून बघावं लागतंय. पवणार कुठं?"

अण्णांनी बैलच थांबवले. "मग कामून म्हणलाव येतंय म्हणून?"

"तुमच्या बहिणीकडं बघायलो होतो. काय इचारलं, काय म्हणलं, ध्यानातच न्हाई."

"अहो, मरायलाव की तुम्ही!"

बावेवर पोचताच मी भिंतीआड पळाले आणि अक्काला सगळं सांगितलं. ती वेणी सोडत होती. तिचा हात तिथंच थांबला. मग म्हणाली, "शांते, त्यांना जाऊन सांग. घरी जावा म्हणावं. माझ्यापायी जीव द्यायचा न्हाई."

मी निरोप पोचवला. माणिकरावांनी विचारलं, "असं म्हणली ती?"

"व्हय."

"मग तर आता जाता येत न्हाई," असं म्हणून त्यांनी अंगरखा काढला.

मी पुन्हा भिंतीआड गेले आणि तेही सांगून आले. आत्या आणि अक्का एकमेकींकडं बघत राहिल्या. थोड्या वेळानं आत्या पदर खोचून एकटीच पुरुषांच्या काठावर आली. असं ती कधी येत नसे. माणिकरावांना म्हणाली, "पाव्हणं, कमानीच्या अंगाला मारा उडी. तिकडं पाणी बरं हाय."

"पाण्यात बरं-वाईट काय आलंय, सुंदरे?" अप्पा म्हणाले.  ती तशीच भिंतीआड परत गेली.

माणिकराव काठावर उभे राहिले. एकदा भिंतीकडं बघितलं, एकदा खाली पाण्याकडं. अण्णा अप्पांना काहीतरी सांगायला पुढं झाले आणि तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. गेले!

पाणी उसळलं, मग हललं, मग थांबलं. बुडबुडे आले. तेही थांबले. वरून त्या पाण्यात काही म्हणता काही दिसत नव्हतं. बापूकाका म्हणाले, "दमाचा गडी दिसतोय." अण्णा ओरडले, "अप्पा, त्याला पवता येत न्हाई!"

अप्पांचं तोंड मी तसं कधी बघितलं नव्हतं. ते काठावर खाली बसले, मग उठले, डोक्याचं मुंडासं फेकलं आणि उडी घ्यायला धावले. तेवढ्यात खालच्या पायरीशी, कमानीच्या अगदी जवळ, पाणी फुटलं आणि माणिकराव वर आले! कुणीतरी खालून ढकलून द्यावं तसे पायरीवर येऊन आदळले. खोकत होते, नाकातोंडातून पाणी येत होतं, पण उजवी मूठ आवळलेली. अण्णांनी धरून वर आणलं. त्यांनी मूठ उघडली आणि अप्पांच्या हातावर काळाकुट्ट गाळ ठेवला.

अप्पा त्या गाळाकडं बघत राहिले. मग शांतपणे विचारलं, "पवता येत न्हाई ना तुम्हाला?"

"न्हाई, मामा."

"मग तळाला काय दिसलं?"

माणिकराव खोकता खोकता म्हणाले, "मासा, मामा. लई मोठा."

भिंतीपलीकडं आत्याला ठसका लागला. अप्पा हातातला गाळ घेऊन तसेच उभे. व्हय नाही, न्हाई नाही. सुपारी आईच्या मुठीत राहिली, पानं मांडली तरी फोडायचं कुणी नाव काढेना. 

अक्का वाढायला आली. डोक्यावर पदर, केस ओले, पण त्या दिवशी ओले केस सगळ्याच बायकांचे होते. तिनं अप्पांच्या पानात धपाटा ठेवला. अप्पा तिच्या हाताकडं बघत होते. पाची नखांत काळाकुट्ट गाळ भरलेला होता.

आईनं बघितलं. अण्णांनी बघितलं. अक्कानं हात मागं घ्यायला बघितला, पण अप्पांनी मनगट धरलं होतं. धपाट्यावर आमचं कुणाचंच लक्ष नव्हतं.

अप्पांनी मनगट सोडलं आणि म्हणाले,

"गोदे, आधी हात धुऊन ये. मग जावयाला वाढ."