जावयाचा थांबा

माझा साडू रोहित अमरावतीचा. हे तो स्वतःच सांगतो, आपल्याला विचारायची वेळ येत नाही. अकोल्याबद्दल त्याचं मत एका वाक्यात मावायचं: या गावाने बायको दिली आणि ऊन दिलं, तिसरं काही दिलं नाही. त्यामुळे पुण्याच्या एका कंपनीने त्याला टूर गाइड म्हणून घेतलं आणि नेमकं अकोल्यालाच पाठवलं, तेव्हा दर्यापुरात बसून मला मनापासून आनंद झाला.

कंपनीची कल्पना थोर होती. पाहुण्यांनी बॅटरीच्या सायकलवर बसायचं, डोक्याला पिवळं हेल्मेट घालायचं आणि गाइडच्या मागे जाऊन छोट्या शहराचा आत्मा शोधायचा. अकोल्याचा आत्मा मे महिन्यात सकाळीच घरात जाऊन कूलरपुढे बसतो, हे कंपनीला कोणी कळवलं नव्हतं. कळलं तेव्हा टूर उजाडताच निघायला लागली. असदगडचा किल्ला, राजराजेश्वराचं देऊळ, मोर्णा नदीचा पूल, भाजीबाजार, आणि आत्मा सापडो न सापडो, घामाघूम होऊन परत. रोहितची नोकरी तात्पुरती होती. अकोल्यात टूर चालली तरच कायम. अमरावतीला त्याच्या बायकोला, गीतांजलीला, सहावा महिना लागला होता, म्हणून टूर चालणं भागच होतं.

अडचण अशी की यंदा भर उन्हाळ्यात धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू. त्याला सासरी बोलवायचं, पाय धुवायचे, ओवाळायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. आणि आमचे विष्णू सासुरवाडीच्या रस्त्यावर पुण्याच्या लोकांच्या सायकलींत हवा भरत होते. सासऱ्यांना त्याने नोकरीचं सांगितलंच नव्हतं. भाजीबाजार आला की तो पाहुण्यांना मागच्या गल्लीने न्यायचा, कारण पुढच्या तोंडाशीच आमच्या सासऱ्यांचं, गोवर्धनमामांचं, वांग्या-मेथीचं दुकान आहे.

एका शनिवारी एका बाईंनी खरा बाजार बघायचा हट्ट धरला. मामांनी हेल्मेटखालचा जावई बरोबर ओळखला. त्यांनी वांग्यांची हातगाडी रस्त्यात आडवी लावली आणि म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात दारावरून उपाशी जाता काय जवाईबापू? लोक माह्या तोंडात शेण घालतीन." तो इथे काय करतोय, हे विचारायचंही त्यांना सुचलं नाही. पाहुण्यांसकट सगळी वरात घरी नेली. सासूबाई, म्हणजे गंगूमामी, चुलीपासून उठल्या. त्यांनी जावयाला पाटावर बसवलं, पाय धुतले, ओवाळलं आणि सगळ्यांना पोटभर वाढलं.

पाहुण्यांचा आनंद गगनात मावेना. आत्मा सापडला होता, वर पुरणही मिळालं होतं. दोन दिवसांत पुण्याहून कंपनीच्या अदिती मॅडमचा फोन आला की दर शनिवार-रविवारी हेच ठेवा, असंच चाललं तर तुमची नोकरी पक्की. रोहितने हो म्हटलं. घरी मात्र त्याने काही सांगितलं नाही. मामी समजल्या की जावयाला आपली ओढ आहे. गल्लीभर सांगत सुटल्या की आमचा धाकटा जवाई आठवड्यातून दोनदा येते, वर चार माणसं घेऊन येते. मी थोरला जावई, मला बारा वर्षांत कोणी असं कौतुकाने मोजलं नाही. हे मी नुसतं नोंदवतोय.

महिना संपत आला तेव्हा एका रविवारी मलाही बोलावणं आलं. दोन पाट शेजारी मांडले होते. मामींनी आधी माझे पाय धुतले, तेव्हा पाहुण्यांपैकी कोणी मान वर केली नाही. रोहितचा नंबर लागला तसे सगळे मोबाइल निघाले. गुडघे दुखत असूनही मामी वाकल्या, पाणी घातलं, पुसलं. कॅमेरेवाले एक काका म्हणाले की उजेड नीट नव्हता, परत करा. मामींनी परत केलं. मग ते या बाजूला आले आणि आणखी एकदा करा म्हणाले. मामी तिसऱ्यांदा वाकल्या आणि तशाच वाकलेल्या राहून त्यांनी विचारलं, "हे लोक आपल्याले पाह्याले येतात काय जवाईबापू?"

या धंद्यात अशा प्रश्नाला गोड उत्तरं तयार असतात. "हो मामी," रोहित म्हणाला. "तिकीट काढून."

मामींनी विटलेला पदर आत खोचला. "मंग सांगाचं नाई काय? मी दुसरं लुगडं नेसली असती."

मला रोहितचा भयंकर राग आला. त्याला स्वतःचा माझ्याहून जास्त आला असावा. तो ओल्या पायांनी उठला आणि काकांना म्हणाला, कॅमेरा ठेवा, हे टूरमध्ये नाही. काकांनी मोबाइलवर पॅकेज काढून दाखवलं. होतं. 'जावयाचा थांबा', आणि वर वाकलेल्या मामींचा फोटो. "आजपासून नाई," रोहित म्हणाला.

अदिती मॅडम फोनवर फार सभ्यपणे बोलल्या. हा थांबा नसेल तर अकोल्यात उन्हाशिवाय आहे काय, असं त्यांनी विचारलं. जन्मभर हेच म्हणत आलेला माणूस त्यांना असदगडापासून एकेक करून सांगत बसला. नोकरी गेलीच.

पुढच्या शनिवारी तो एसटीने आला. मी त्याला स्टँडवरून घरी आणलं. आता ते लोक येणार नाहीत, नोकरीही राहिली नाही, एवढंच त्याला सांगायचं होतं. मामी दारातच उभ्या होत्या. अंगावर मुलींच्या लग्नातलं जांभळं लुगडं, केसांत गजरा, आणि मागे ओटीवर ओळीने पाट मांडलेले.

"पाव्हणे कुठी हायेत?" त्यांनी आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं.

रोहितने सगळं सांगितलं. मामींनी नोकरीचं ऐकून घेतलं, मग लुगड्याच्या निऱ्यांवरून हात फिरवला. "मंग हे कोनासाठी नेसली मी?"

"मी आलो न मामी."

"तुमी त घरचे. तुमच्यासाठी जुनंच चालते," असं म्हणून मामी लुगडं बदलायला आत गेल्या.