विंगेतल्या सबनीस बाई

सबनीस बाई रस्त्यात चालता चालता एकदम हात वर करायच्या, आणि मग आसपासची सगळी सृष्टी थांबायची. मी फरीदाबादला नवा होतो तेव्हाची गोष्ट. मार्केटमधल्या जिलबीवाल्यापुढे उभा राहून मी पुण्याच्या हिंदीत भाव करत होतो, तेवढ्यात माझ्या नाकासमोर एक हात आला. मी गप्प झालो. जिलबीवाला गप्प झाला. समोरून येणारा एक सांड थबकला, आणि हरयाणा रोडवेजच्या ड्रायव्हरने हॉर्नवरचा अंगठा काढला, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. बाईंनी पर्समधून काडेपेटीएवढा रेकॉर्डर काढला, कढईवर धरला, आणि तेलाची चुरचुर टिपून घेतली.

"झालं. आता बोला," त्या मला म्हणाल्या. "मराठी दिसताय. लांबून ऐकलं ना, की हा पत्र्यावरचा पाऊस होतो. आणि तुमची डावी चप्पल फार करकरते. विकणार असाल तर सांगा, जुन्या दरवाज्यासाठी हवी आहे."

चप्पल मी तशीच देऊन टाकली. पुढे आमच्या मराठी मंडळाच्या एका नाटकात तिने खलनायकाच्या प्रवेशाला असा काही दरवाजा उघडला, की पहिल्या रांगेतल्या एका वहिनींनी पदर डोक्यावरून घेतला.

बाईंनी दिल्लीतल्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. पण त्यांची खरी कीर्ती होती ती परीक्षेच्या सुपरव्हिजनची. त्या वर्गात शिरल्या की कॉप्या खिशातून आपण होऊन बाहेर येऊन टेबलावर रांगेत उभ्या राहायच्या, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. आता ते मोठमोठ्या कंपन्यांत साहेब आहेत, पण बाई दिसल्या की अजून हात खिशाबाहेर काढतात. शेजारच्या चड्ढाआंटींना मात्र आम्ही इतक्या शिकलेल्या बाईला कामवालीसारखं 'बाई' का म्हणतो याचा फार राग. "यार, मास्टरनी को बाई बोलते हो, शरम करो!" त्या मला दर दिवाळीला झापायच्या.

रिटायर झाल्यावर मुलगा परदेशात, घर रिकामं. बाईंनी मंडळाच्या नाटकांच्या पार्श्वसंगीताचं टेबल ताब्यात घेतलं. साठीनंतर कॉम्प्युटर शिकल्या, आणि त्यात स्वतः टिपलेले आवाज भरत सुटल्या. मथुरा रोडवरचे ट्रक, पानिपतच्या हातमागांची खटखट, धुक्यात अडकलेल्या गाडीची शिट्टी. संक्रांतीला आम्ही सगळे पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला जातो. तिथे एकदा सगळे मान खाली घालून स्तब्ध उभे असताना बाई एका कावळ्याच्या मागे रेकॉर्डर घेऊन निघाल्या. मंडळाचे अध्यक्ष कर्नल निंबाळकर, निवृत्त झाले तरी आवाज ड्यूटीवर, ते दातांतल्या दातांत म्हणाले, "बाई, निदान इथं तरी!"

"कर्नलसाहेब, हा पानिपतचा कावळा आहे. इंटरनेटवर कुठला तरी अमेरिकेतला मिळतो. तो आपल्या पिंडाला शिवेल का?"

कर्नलसाहेबांनी पुन्हा मान खाली घातली.

मंडळाचा कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढा डबा. त्याच्या पोटात दोन हार्ड डिस्क. एकीवर त्याचा स्वतःचा संसार, दुसरीवर बाईंचे आवाज. त्याला एक खोड होती. सकाळी बटण दाबलं की अर्ध्यात अडकायचा. बंद करून पुन्हा दाबलं की सुरळीत चालू. आमच्या खजिनदारांनी या खोडीला धर्माचं रूप दिलं होतं. "पहिलं बटण गणपतीला, दुसरं आपल्याला," ते म्हणायचे, आणि पहिल्या बटणाच्या वेळी हात जोडायचे. हळूहळू सगळेच जोडायला लागले. मी आयटीत वीस माणसांवरचा मॅनेजर, मीही जोडायचो.

मग हा डबा नाटकात हँग व्हायला लागला. आणि गंमत बघा, फक्त माझ्या नाटकात! मंडळात दरसाल एक फार्स व्हायचा, एक गंभीर नाटक व्हायचं. गंभीर मी बसवायचो. फार्समध्ये हा डबा घोड्यासारखा धावायचा. माझ्या दुसऱ्या अंकात, नायक सूटकेस घेऊन खिडकीशी उभा, गाडीची शिट्टी झाली की घर सोडणार, तिथे मी पॉज घेतला होता. माझे पॉज म्हणजे काय सांगू! त्या पॉजमध्ये प्रेक्षकांतला एक जण पलवलला जाऊन, मावशीला भेटून, परत येऊन आपल्या जागी बसला होता. तर पॉज संपला, बाईंनी शिट्टीचं बटण दाबलं, आणि कॉम्प्युटरचा पडदाच गोठला. शिट्टी नाही, काही नाही. आमचा नायक बँकेत मॅनेजर. तो थोडा वेळ उभा राहिला, मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाला, "कोहऱ्यामुळे गाडी लेट दिसतेय." घर सोडून जाण्याच्या प्रसंगाला माझ्या आयुष्यातला सर्वात मोठा हशा मिळाला.

पुढच्या वर्षी दुसरं नाटक, दुसरी शिट्टी, तोच प्रकार. त्यानंतरच्या वर्षी शंखाच्या जागी.

उपचार काय कमी झाले? रॅम काढून खोडरबराने घासली. सगळं पुसून नव्याने भरलं. बाईंना व्होल्टेजचा संशय आला, मग स्टेजमागच्या माकडांचा, मग माझ्या नायकाच्या आफ्टरशेव्हचा. प्रत्येक वेळी त्या छातीठोकपणे म्हणायच्या, "बिल्कुल हेच कारण!" आणि प्रत्येक वेळी साफ तोंडावर पडायच्या. मी शेवटी आवाजांची डिस्कच बदलली. नवी कोरी बसवली, आवाजांची एक प्रत घरी ठेवली, आणि एक अख्खा शनिवार तो डबा राबवला. गाणी, शिट्ट्या, कावळे, एकामागून एक, न थांबता. हूं की चूं नाही. आणि पुढच्या प्रयोगात पॉजनंतर पुन्हा गोठला!

तेव्हा कर्नलसाहेबांनी सभा बोलावली. "बस झालं. एक प्रयोग आणखी देतो. यंदा अडकला तर पुढच्या वर्षीपासून लॅपटॉप. नायकाचा पुतण्या स्वतःचा घेऊन येईल, बाईंना त्रास नको."

"मला कसला त्रास?" बाई म्हणाल्या.

"बाई, तुमचे आवाज घेऊ की त्यात भरून. एकही टाकणार नाही."

"आवाज घ्याल हो. पण लॅपटॉप ज्याचा त्याच्या मांडीवर. मग मी कुठे बसू?"

सभेत कुणी वर बघेना. नाटकाच्या तालमी तीन महिने चालायच्या. बाकीचे नऊ महिने बाई त्या तीन महिन्यांची वाट बघत काढायच्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, "बाई, मी पॉज कापतो. शिट्टी लगेच घेऊ."

"खबरदार! पॉज चांगला आहे तुझा. थोडा लांब आहे, पण चांगला आहे." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "रविवारी सकाळी ये. या डब्याची परीक्षा घ्यायची आहे. तू घेतलीस ती परीक्षा नव्हे. तू त्याला शेजारी बसून उत्तरं सांगत होतास."

रविवारी गेलो. बटण दाबलं, गणपतीचं, मग आपलं. बाईंनी पहिल्या अंकातलं गाणं वाजवलं, ते संपलं, आणि हाताची घडी घालून त्या बसल्या.

"आता?" मी विचारलं.

"आता दुसरा अंक. शिट्टीपर्यंत आपल्याला काही वाजवायचं नाही. तर नाही वाजवायचं."

मी माऊसकडे हात नेला. "जयंत, हात!" मी हात मांडीखाली घातला. देवा रे, काय तो छळ! मी आयटीतला माणूस, काही न करता बसायची आम्हाला सवय नाही. मला खाज सुटली, मला माझे दहावीचे पेपर आठवले, मला न केलेले गुन्हे कबूल करावेसे वाटले. बाई मात्र डब्याकडे शांतपणे बघत होत्या. मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघावं तसं. तो आज ना उद्या मान वळवणारच, याची खात्री असलेलं ते बघणं होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात वर केला. "ऐकलंस? घरघर कमी झाली. एक जण झोपला."

मला काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी शिट्टीचं बटण दाबलं. पडदा गोठला.

"पकडला!" बाई एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की खालच्या मजल्यावरचा योगवर्ग शवासनातून उठून बसला.

आता माझ्या डोक्यात उजेड पडला. बराच वेळ काम नसलं की डिस्कने फिरायचं थांबवायचं, अशी कॉम्प्युटरमध्ये सोयच असते. फार्समध्ये दर मिनिटाला काहीतरी वाजायचं, डिस्क जागी. माझ्या शनिवारच्या चाचणीतही मी तिला श्वास घेऊ दिला नव्हता. माझ्या दुसऱ्या अंकात मात्र ती निवांत झोपायची. मी विजयाने म्हणालो, "सोपं आहे बाई! ती झोपायची सोय बंद करतो. संपलं."

"काही संपलं नाही. झोपणं हा काय गुन्हा आहे? कर्नलसाहेबही झोपतात दुसऱ्या अंकात. ते उठताना पडतात का? हा का पडतो ते सांग." मग त्या माझ्याकडे रोखून बघायला लागल्या. "आणि काय रे, रोज सकाळीही हा एकदा पडूनच उठतो ना?"

आमचे जोडलेले हात माझ्या डोळ्यांपुढून गेले. मी मुकाट्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला. झाकण काढलं. पंखा आणि डिस्क यांना एकाच वायरीतून वीज देणारा एक जुनाट जोड आत होता. त्याची पिन ढिली, कडेने पिवळी पडलेली. डिस्क एकदा फिरायला लागली की तिला थोडीच वीज पुरते. पण थांबलेली डिस्क फिरायला लागताना जोरात ओढते, आणि तेवढ्या ओढीला हा जोड मान टाकायचा. सकाळी दुसऱ्या बटणापर्यंत ती अर्धवट फिरत असायची, म्हणून निभायचं. मी नवी कोरी डिस्क आणून याच वायरीला लटकवली होती.

जोड फेकला, डिस्कला स्वतंत्र वायर दिली. झोपायची सोय बाईंनी मुद्दाम तशीच ठेवायला लावली. "उठून दाखवू दे." त्या दिवशी त्याला आम्ही सहा वेळा झोपवला आणि सहा वेळा उठवला. दुसऱ्या दिवशी पहिल्याच बटणाला डबा चालू झाला, तेव्हा खजिनदार हात जोडायला उशिरा पोचले आणि दिवसभर अस्वस्थ होते.

प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्या अंकात विंगेत मंडळाची अर्धी कार्यकारिणी उभी. नायक खिडकीशी. पॉज सुरू झाला. माझा पॉज मलाच सहन होईना. मी कर्नलसाहेबांचं मनगट धरलं होतं, की त्यांनी माझं, ते आजवर ठरलेलं नाही. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बटण दाबलं.

शिट्टी झाली. लांबून, धुक्यातून. नायकाने सूटकेस उचलली, आणि प्रेक्षागृहात कुणीतरी नाक ओढलं.

कर्नलसाहेब खुर्चीजवळ गेले, खाकरले, आणि म्हणाले, "बाई, पुढच्या वर्षीच्या तालमी जरा लवकर सुरू करू म्हणतो."

"बघते," बाई म्हणाल्या. "वेळ आहे का ते."

पुढे किती तरी नाटकं त्यांनी त्या खुर्चीवरून केली. मग एका तालमीनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. "जयंत, डब्याला सांगू नकोस, पण मला हल्ली शिट्टी ऐकू येत नाही. मी बटण दाबते आणि नायकाचं तोंड वळलं की समजते, वाजली म्हणून." कर्नलसाहेबांकडे त्या स्वतःच गेल्या. समजूत घालायला आलेल्या सगळ्यांना त्यांनी हाकलून दिलं, आणि पुतण्याच्या लॅपटॉपमध्ये आपले आवाज एकेक नाव सांगून भरून घेतले.

बहिणीकडे कायमच्या पुण्याला जाण्याआधी बाई आमचा एक प्रयोग पाहायला आल्या. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर, शाल घेऊन. इतकी वर्षं आमची नाटकं केली, पण समोरून एकही पाहिलं नव्हतं. पडदा पडल्यावर मी पाया पडलो आणि कानाशी मोठ्याने विचारलं, "कसं वाटलं, बाई?"

"छान केलंत रे सगळ्यांनी." त्यांनी शाल सावरली आणि विंगेकडे मान वळवली. मग म्हणाल्या, "पण खरं सांगू? नाटक बाजूने जास्त चांगलं दिसतं."