तीन नंबरचा माइक

त्याचं खरं नाव स्टुडिओच्या कागदपत्रांवर होतं आणि तिथंच ते राहिलं. सगळे त्याला कानसेन म्हणत. गळा असा, की घरात नुसतं गुणगुणायला लागला तरी बायको रेडिओ मोठा करायची. पण कान असा, की बंद दाराबाहेर कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय हे तो आत बसून सांगायचा. एकतीस वर्षं तो त्या तळघरातल्या स्टुडिओत बसला होता. वर झेरॉक्सचं दुकान, खाली हा. मालक बदलले, फिती जाऊन कॉम्प्युटर आला. कानसेन आणि त्याची फिरती खुर्ची मात्र तशीच राहिली, आणि खुर्चीसुद्धा हल्ली एका बाजूला कलायची.

गेलं वर्षभर त्याचं काहीतरी बिनसलं होतं. आजार म्हणावा तर तब्येत ठणठणीत, दुःख म्हणावं तर घरात सगळं धड. फक्त कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. लेकीला नोकरी लागली, तो "बरं" म्हणाला. मेव्हणा वारला, तेव्हाही "बरं" म्हणाला आणि बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं. एकदा तापात काखेत थर्मामीटर लावून बसला, तो बसूनच राहिला.

"अहो, कधीचं वाजलं ते," बायको म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. आपलं मन मंदावलंय असं त्याला वाटायचं. वय झालं की होत असेल असं, म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

त्या साली स्टुडिओकडे अंध मुलांच्या शाळेचं मोठं काम होतं. पाठ्यपुस्तकं वाचून, रेकॉर्ड करून द्यायची. वाचायला एक बाई होत्या. त्याच शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. रोज सकाळी दहाला पाण्याची बाटली आणि बसायची उशी घेऊन यायच्या आणि चार तास वाचायच्या. "इथं आले की मला कोणीतरी ऐकतं," असं त्या हसत म्हणायच्या, पण ते हसण्यावारी न्यायचं बोलणं नव्हतं. तिथून घरी गेल्यावर त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं.

मध्येच जुना माइक कुरकुरायला लागला. हे स्टुडिओतले कंडेन्सर माइक मोठे नाजूक. आत केसाहून पातळ पडदा असतो, त्याला दमट हवेनं एकदा धरलं की रडगाणं सुरू. नवा घ्यायचा ठरला. दुकानदारानं तीन माइक एका दिवसासाठी पाठवले. मालक म्हणाला, "कानसेन, तुम्ही सांगाल तो."

निवड करायची त्याची जुनी रीत होती. माइकवरच्या नावांवर चिकटपट्टी लावायची आणि वर एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे, म्हणजे नावानं भुलायला नको. वाचणारी व्यक्ती एकच, उतारा एकच, तोंडापासून माइक एक वीत लांब, मध्ये श्वासाची फुंकर अडवणारी जाळी. तिघांचा आवाज काट्यावर सारखा करून घ्यायचा, कारण जो जरा मोठा वाजतो तो चांगला वाटतो, हा माणसाचा जुना रोग. आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून ऐकायचं. पडद्यावर आवाजाचे उंच-बुटके डोंगर दिसतात, पण ते पाहणाऱ्यांची तो टिंगल करायचा. कानानं करायचं काम डोळ्यांनी कशाला, म्हणायचा.

बाईंनी नदीचा धडा तीनदा वाचला. एक नंबर गोड होता, पण बाई पांघरुणातून बोलल्यासारख्या वाटल्या. दोन नंबरलाही तेच पांघरूण. तीन नंबर लावला आणि शब्द उठून उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी त्याला काहीतरी ऐकल्याचा आनंद झाला. त्यानं पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा.

"तीन," तो म्हणाला. मालकानं स्वतः ऐकलंसुद्धा नाही. कानसेननं निवडल्यावर ऐकायचं काय?

पुढच्या आठवड्यात बाईंनी वरची कवळी बसवून घेतली. त्यानंतर पंधरा दिवस त्यांनी वाचलं, फायली शाळेत गेल्या, आणि शाळेतून फोन आला. मुलं कानावरचे हेडफोन काढून ठेवतात म्हणे. प्रत्येक 'स' कानात सुईसारखा जातो, एका मुलीचं तर डोकं धरलं. त्या मुलांचा सगळा दिवस कानांवर चालतो, त्यांना फसवणं शक्य नव्हतं.

मालकानं फाईल लावली आणि तोंड वाकडं केलं. "बाप रे. शिट्टी वाजतीय. तुम्हाला नाही जाणवलं?"

कानसेननं हेडफोन लावले. बाई वाचत होत्या. छान, स्वच्छ. त्यानं आवाज वाढवला, तरी स्वच्छच.

"बाईंचे नवे दात," मालक म्हणाला. "त्यातून हवा जात असणार. दुसरं काय?"

कानसेननं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खरं तर त्यानं म्हणायला हवं होतं की मला काहीच ऐकू येत नाहीये. "असेल," तो म्हणाला.

एका शब्दानं काम झालं. खुद्द कानसेनला दातांचा आवाज येतो म्हटल्यावर दात निर्दोष कसे असतील? बाई दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या, कवळी घासून आणली. शिट्टी तशीच. पुन्हा घासून आणली. हिरडीला जखम झाली, त्या एका गालानं पाणी पिऊ लागल्या. शिट्टी तशीच. एक दिवस त्यांनी कवळी रुमालात काढून ठेवली आणि तशाच वाचायला बसल्या. शब्द पिठासारखे सांडायला लागले. काचेपलीकडून मालकानं हात हलवून थांबवलं.

"आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात," बाई तोंडावर हात धरून म्हणाल्या. "माझे तर दातही विकतचे."

मालकानं दुसऱ्या एका वाचणारीला येत्या शुक्रवारी चाचणीसाठी बोलावलं, आणि बाईंनाही त्याच दिवशी येऊन राहिलेली पुस्तकं परत द्यायला सांगितलं. हे सगळं कानसेनसमोर झालं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. ते त्याला कळतही होतं. पण वाटत काही नव्हतं.

गुरुवारी दुपारी मालक बाहेर गेला होता. नव्या वाचणारीसाठी जागा करायची म्हणून कानसेन जुन्या फायली आवरत होता. निवडीच्या दिवसाच्या तीन फायली सापडल्या. त्यानं तीन नंबर लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा, ऐकता ऐकता, पडद्याकडे तोंड करून बसला.

बाई 'नदीचा संथ प्रवास' म्हणाल्या. 'संथ'च्या 'सं'वर पडद्याच्या उजव्या टोकाला, जिथं बारीक आणि उंच आवाज दिसतात, एक सुळका उठला. खोलीत मात्र तसं काही वाजलं नाही. 'प्रवास'च्या 'स'वर पुन्हा सुळका. एक आणि दोन नंबरच्या फायलींत तिथं साधी टेकडी होती. आणि ही फाईल कवळीच्या आधीची होती.

मग त्यानं यंत्र तपासायची शिट्टी लावली, खालून वर चढत जाणारी. सेकंदाला पाच हजार कंपनांपर्यंत ती त्याच्या सोबत होती. सहा हजारांवर पुसट झाली आणि सातच्या आधी संपली. पडद्यावरची रेघ मात्र आठ, नऊ, दहा करत खुशाल चढत राहिली. एक आणि दोन नंबर त्याला पांघरुणातले वाटले, कारण पांघरूण त्याच्या कानांवर होतं. तीन नंबर तिखट होता, म्हणून त्याच्यापर्यंत थोडा तरी पोचला.

त्यानं शिट्टी बंद केली. डबा उघडला, जेवला, डबा धुतला. भूल दिलेल्या हिरडीसारखं सगळं बधिर होतं. घरी गेल्यावर बायकोला एवढंच म्हणाला, "मला कमी ऐकू येतं."

"मग? मला काय नवीन?" ती म्हणाली. "वर्षभर सगळं दोनदा सांगतेय तुम्हाला. मला वाटलं, मुद्दाम कानाडोळा करताय."

शुक्रवारी बाई दहालाच आल्या, पुस्तकांची पिशवी आणि उशी घेऊन. मालक टेबलाशी उभा होता. नवी वाचणारी अजून यायची होती.

"दात नाहीत," कानसेन म्हणाला. "माझे कान आहेत. माइक चुकलाय."

मालकाला आधी कळलंच नाही. मग त्यानं मान हलवली. "कानसेन, तुमचं मन मोठं आहे. पण बाईंना वाचवायला स्वतःचं नाव कशाला खराब करता?"

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी गत. खरं बोलला तर तोही मोठेपणा ठरला. कानसेन वाद घालत बसला नाही. त्यानं यंत्राच्या शिट्टीचा आकडा नऊ हजारांवर ठेवला, कोणतं बटण ते बाईंना दाखवलं आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसला.

"सुरू करा. ऐकू आलं की हात वर करतो."

तो थांबला. भिंतीवरच्या फोमला जिथं कीड लागली होती तिथं बघत राहिला. मागं खुर्ची सरकली.

"सुरू करा ना बाई."

"वाजतंय भाऊ," बाई म्हणाल्या.

त्यानं मागं वळून पाहिलं. मालकानं दोन्ही कान हातांनी दाबून धरले होते. बाईंनी डोळे घट्ट मिटले होते आणि एक बोट बटणावर होतं. खोलीत, त्याच्या लेखी, काहीही नव्हतं.

"बंद करा," मालक म्हणाला. मग फोन घेऊन तो जिन्यानं वर गेला. नव्या वाचणारीला येऊ नको म्हणून सांगायचं होतं, दुकानदाराला दोन नंबर आजच पाठव म्हणून सांगायचं होतं.

खाली दोघंच राहिली. बाईंनी पिशवी खाली ठेवली नव्हती.

"मालक म्हणाले, तुम्हीच सांगितलंत दात म्हणून."

"असेल म्हणालो."

"ऐकू येत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग असेल कशाला म्हणालात?"

त्यानं खरं ते सांगितलं. "नाव गेलं असतं बाई. एकतीस वर्षांचं."

बाईंनी गालाला हात लावला, जिथं आतून जखम होती. त्यांचा आवाज चढला नाही, चार तास वाचणाऱ्या माणसाला तशी सवय नसते.

"माझं जात होतं ते तुम्हाला दिसत होतं की. त्याला कान कशाला लागतात?"

हे त्याला पुरतं ऐकू आलं. वर्षभरात पहिल्यांदाच त्याच्या आत काहीतरी हललं, आणि ती लाज होती. मान वर करवेना इतकी लाज. त्यानं तोंड उघडलं, पण "बरं" म्हणायची ही वेळ नव्हती.

बाई काचेपलीकडे गेल्या, उशी खुर्चीवर ठेवून बसल्या आणि माइक येईपर्यंत पुढच्या धड्याची पानं मनातल्या मनात वाचत राहिल्या. त्यांचे ओठ हलताना त्याला दिसत होते.